बंद पडलेला संगणक : दोष शोधावा कसा?

घरातील एखादी वस्तू नित्य चालत असते तोवर तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. घड्याळ, पंखा, विहिरीवरचा पंप यांची आठवण आपल्याला ती बंद पडल्यावरच होते, आणि तीही बहुधा रागानेच होते. संगणकाची गोष्ट याहून निराळी नाही. फरक इतकाच की, पंखा बंद पडला तर केवळ वारा थांबतो. संगणक बंद पडला म्हणजे मात्र त्यात साठवलेले वर्षानुवर्षांचे लेखन, हिशेब आणि छायाचित्रे आपल्याला कायमची अंतरली की काय, अशी धास्ती मनात उभी राहते. ही धास्ती पुष्कळदा अनाठायी असते. परंतु तिच्यापोटी आपण जी घाई करतो, ती मात्र खरोखरच नुकसान करू शकते. यास्तव जुना संगणक सुरू होत नसेल तर विचार कोणत्या क्रमाने करावा, हे आमच्या स्वतःच्या अनुभवाच्या आधारे येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आमच्या घरी २००८ साली घेतलेला एक संगणक आहे. आजोबा शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यावर टंकलेखन शिकले आणि त्यांनी एक काम हाती घेतले. आपला पांढुर्णा-सौंसरचा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली तो छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन नवा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी असली तरी येथील शेतात आणि माजघरात मराठी नांदत आली आहे. वखर, डवरा, तिफण, पऱ्हाटी, धुरा, संत्र्याचा मृग बहार आणि आंबिया बहार असे शेतीतले आणि घरातले शब्द गोळा करून, त्यांचे अर्थ लिहून आजोबा त्यांची सूची करीत होते. पुढे ते वारले. कित्येक महिने त्या संगणकाला कोणी हात लावला नाही. मध्ये एक पावसाळाही गेला. पोळ्याच्या सुमारास आम्ही त्याचे बटण दाबले तेव्हा पंखा फिरला, परंतु पडदा काळाच राहिला.

एका जाणत्याने पाहताक्षणीच सांगितले, “मदरबोर्ड गेला. आता हा भंगारात द्या आणि नवा घ्या.” आजी मात्र म्हणाली, “डबा कोठेही टाका. पण त्यांचे लिहिलेले तेवढे आधी काढून द्या.” सूचीची दुसरी प्रत कोठेही नव्हती. तेव्हा आम्ही ठरविले की, निकाल देण्याआधी तपास करावयाचा.

हा तपास समजून घेण्यासाठी प्रथम संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहिले पाहिजे. चूल पेटविताना आपण मोठ्या ओंडक्याला काडी लावीत नाही. काडीने गोवरीचा तुकडा पेटतो, तुकड्याने काटक्या पेटतात आणि काटक्यांनी ओंडका धरतो. संगणकाचेही असेच आहे. बटण दाबताच विजेचा पुरवठा स्थिर होतो. त्याने प्रोसेसर जागा होतो. प्रोसेसर एक लहानशी आज्ञावली वाचतो. ती आज्ञावली स्मृती आणि पडदा तपासते. नंतर ती हार्ड डिस्कवरील थोडी मोठी आज्ञावली शोधते. आणि ही आज्ञावली अखेरीस विंडोज किंवा लिनक्ससारखी संपूर्ण कार्यप्रणाली उभी करते. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला जागे करते. म्हणूनच “संगणक बिघडला” हे विधान फारसे उपयोगाचे नाही. “संगणक कोणत्या पायरीवर थांबला?” हा खरा प्रश्न आहे. पायरी कळली की दोषाचे क्षेत्र आपोआप लहान होते. ती न शोधता सुटे भाग बदलीत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

पहिली पायरी विजेची. ही इतकी साधी आहे की अनेकजण ती ओलांडूनच पुढे जातात, आणि मग काखेत कळसा अन् गावाला वळसा अशी गत होते. भिंतीवरील त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहावा. वीज येत असेल तर मधला यूपीएस तात्पुरता बाजूला काढून संगणकाची वायर थेट सॉकेटला जोडावी; कारण यूपीएसमधील बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षांत थकते, आणि पुष्कळ यूपीएस बॅटरी मेली की स्वतःच सुरू होत नाहीत. अशा वेळी बिचाऱ्या संगणकावर उगाच आळ येतो. जाड काळी वायर मागच्या बाजूने सैल झालेली असते, किंवा उंदराने कुरतडलेली असते. तीही बदलून पाहावी. डब्याच्या मागे वायरीजवळ एक लहान कळ असते, ती मालवलेली नाही ना, हे बघावे. काही जुन्या यंत्रांवर ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेली लाल सरकपट्टी असते. आपल्या देशात वीज २३० व्होल्टची असल्यामुळे ती २३० वरच असली पाहिजे, अन्यथा आतील भाग क्षणात जळतात.

डब्याच्या आत एसएमपीएस नावाची धातूची पेटी असते. भिंतीतील २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेपासून ही पेटी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करते. १९९५ साली आलेल्या एटीएक्स या रचनेत एक मोठी सोय आहे. संगणक बंद दिसत असला तरी वायर जोडलेली असताना या पेटीतून ५ व्होल्टची एक क्षीण धारा मदरबोर्डला सतत मिळत राहते. समोरचे बटण दाबले की मदरबोर्ड पेटीला “मुख्य पुरवठा दे” अशी खूण करतो. पुरवठा योग्य दाबावर स्थिर झाला म्हणजे पेटी उलट खूण देते. आणि ती मिळाल्याखेरीज प्रोसेसर कामाला लागत नाही. पांढुर्णा स्थानकावर नागपूरकडे निघालेली गाडी सिग्नल मिळेपर्यंत जशी थांबून राहते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून बटण दाबूनही काहीच हालचाल नसेल, पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही, तर दोष बहुधा वायरीत, एसएमपीएसमध्ये, बटणात किंवा मदरबोर्डच्या आरंभीच्या भागात असतो. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर कोठेतरी शॉर्ट सर्किट झाले आहे किंवा पेटी दुबळी झाली आहे, असे समजावे. दुसऱ्या चालू संगणकातील, तेवढ्याच शक्तीची पेटी लावून पाहणे ही याची सरळ परीक्षा होय.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने देतो. एसएमपीएसची पेटी विद्यार्थ्यांनी कदापि उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युत्भार काही काळ साठून राहतो. पेटी बदलता येते. ती उघडून पाहण्याचे काम जाणकाराचेच आहे. संगणकाचा मुख्य डबा उघडतानाही आधी वायर काढावी, मग समोरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज निघून जाऊ द्यावी, आणि आतील भागांना हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण स्मृतीच्या नाजूक चिपा ती निकामी करू शकते. हे सर्व घरातील मोठ्या माणसांच्या देखतच करावे.

आमच्या संगणकाचा पंखा फिरत होता. म्हणजे पहिली पायरी त्याने ओलांडली होती. मग पडदा काळा का? येथे दुसरा प्रश्न येतो : दोष संगणकात आहे की केवळ पडद्यात? मॉनिटरचा दिवा नारिंगी राहून “सिग्नल नाही” अशा अर्थाची अक्षरे उमटत असतील, तर मॉनिटर जिवंत आहे आणि त्याला संगणकाकडून काही मिळत नाही, असे समजावे. निळी वायर दोन्ही टोकांना नीट बसवून आम्ही पाहिली, मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला. तो ठीक होता. मात्र बटण दाबल्यावर डब्यातून लांब लांब “बीप” असा आवाज थांबून थांबून येत होता. तो आम्ही आधी ऐकला होता, पण ती तक्रार आहे हे आम्हाला उमगले नव्हते.

प्रोसेसर जागा झाल्यावर जी लहान आज्ञावली वाचतो, तिला बायोस म्हणतात. ती मदरबोर्डवरील एका चिपेत कायम लिहिलेली असते. पडदा सुरू होण्याआधीच काही चूक आढळली तर ती पडद्यावर सांगणार कशी? म्हणून जुन्या यंत्रांत ती आवाजाने बोलते. या आवाजांचा अर्थ बनविणाऱ्यागणिक बदलतो. तरीही पुष्कळ यंत्रांत एक छोटा आवाज म्हणजे सर्व ठीक, लांब आवाजांची पुनरावृत्ती म्हणजे रॅममध्ये दोष, आणि एका लांब आवाजापाठोपाठ दोन छोटे आवाज म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष, असा संकेत असतो. आपल्या मदरबोर्डची पुस्तिका उपलब्ध असेल तर तीच प्रमाण मानावी.

आम्ही डबा उघडला. आत काय नव्हते! पंख्यावर धुळीची जाड साय होती आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केले होते. येथे एक जुनी घटना आठवते. १९४७ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या प्रचंड गणकयंत्रात काम करणाऱ्यांना एका विद्युत्-कळीत अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो काढून नोंदवहीत चिकटविला आणि खाली टीप लिहिली. यंत्रातील दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची आहे. पण येथे खराच किडा सापडला, याचे त्यांना हसू आले असावे. आम्हाला त्या गोष्टीतील पतंगापेक्षा नोंदवही अधिक मोलाची वाटते. आम्हीही एक वही घेतली. कोणती वायर कोठून काढली, काय बदलले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे क्रमाने लिहीत गेलो. काढण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे छायाचित्रही घेतले.

मऊ कोरड्या ब्रशाने धूळ झाडल्यावर मदरबोर्डवरील कपॅसिटर पाहिले. हे लहान नळकांड्यांसारखे भाग असून त्यांचे डोके सपाट असावे लागते. ते फुगलेले किंवा वर तपकिरी द्रव सुकलेला दिसला तर तो भाग संपला असे समजावे. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जगभर विकल्या गेलेल्या अनेक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर सदोष रसायनामुळे अकाली फुगले. त्या काळचे यंत्र असेल तर हे विशेष लक्षपूर्वक बघावे. आमचे कपॅसिटर सुस्थितीत होते. मग यंत्राला अत्यावश्यक नसलेले सर्व काही काढले. प्रिंटर, सीडीची पेटी, पेनड्राइव्ह, दोनपैकी एक रॅमची पट्टी, सारे बाजूला ठेवले. जेवढे भाग कमी, तेवढे संशयित कमी.

राहिलेली रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून हलकेच बाहेर काढली. तिच्या सोनेरी दातांवर पावसाळ्यातल्या दमटपणाने मळकट पुट चढले होते. स्वच्छ खोडरबराने ते दात हळुवार पुसले, रबराचा चुरा ब्रशाने झाडला, आणि पट्टी पुन्हा खिट्ट्या आपोआप बसेपर्यंत दाबून बसविली. बटण दाबले. एकच छोटा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली! भंगारात निघालेला मदरबोर्ड जिवंत होता.

परंतु आनंद टिकला नाही. पडद्यावर सूचना होती की, यंत्राची नोंदवलेली रचना पुसली गेली आहे. आणि तारीख दिसत होती १ जानेवारी २००७. याचे कारण एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल. संगणकाची वायर काढली तरी घड्याळ चालू राहावे आणि रचनेच्या नोंदी टिकाव्यात म्हणून मदरबोर्डवर ३ व्होल्टचा लिथियम सेल बसवलेला असतो. घरगुती उपयोगाचा आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक १९८१ साली आला, तेव्हा त्यात ही सोय नव्हती. १९८४ च्या त्यांच्या नंतरच्या एका यंत्रात ती आली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली. या सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. त्यातील २० हा आकडा मिलिमीटरमधील व्यास, आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तो काही वर्षांनी संपतो, आणि संगणक बराच काळ विजेपासून दूर राहिला तर लवकर संपतो. घड्याळाच्या दुकानातही तो थोड्या पैशांत मिळतो. ‘धन’ खूण वर ठेवून नवा सेल बसविला आणि तारीख दुरुस्त केली. जुना सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास जिवावर बेतते.

तरीही कार्यप्रणाली सुरू होईना. आता पडद्यावर “सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही” अशा अर्थाचे वाक्य आले. अशा क्षणी अनेकांचा धीर सुटतो. “डिस्क फॉरमॅट करून नवे विंडोज टाका,” हा सल्ला येथेच मिळतो, आणि येथेच माणसे आपले लेखन स्वतःच्या हाताने पुसून टाकतात. वस्तुतः हे वाक्य डिस्क मेली असे सांगत नाही. ती सापडत नाही एवढेच सांगते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या कप्प्यात पुढची आज्ञावली शोधतो. तो दुसरीकडेच पाहत असेल, डिस्कची वायर सैल असेल, किंवा डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलली असेल, तर ती सापडणार कशी? आमचा सेल संपल्यामुळे बायोसच्या नोंदी मूळ अवस्थेला गेल्या होत्या. त्यात डिस्कचे नाव दिसत होते. पण सुरू करण्याच्या क्रमात ती शेवटी गेली होती आणि जोडणीचा प्रकारही बदलला होता. दोन्ही गोष्टी एकेक करून पूर्ववत केल्या. काही क्षणांतच आजोबांनी ठेवलेले चित्र पडद्यावर आले. आजी दारातच उभी होती. ती काही बोलली नाही.

आम्ही पहिले काम कोणते केले असेल? सूची उघडून वाचण्याचा मोह आवरून ती आधी पेनड्राइव्हवर घेतली, मग दुसऱ्या संगणकावर. ती जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टंकलेली होती. नव्या यंत्रावर ती अक्षरे निरर्थक चिन्हांसारखी दिसली. म्हणून तो फाँटही सोबत घेतला, आणि आता ती युनिकोडमध्ये उतरविणे चालू आहे.

समजा, मदरबोर्ड खरोखरच गेला असता, तर? तरीही निराशेचे कारण नव्हते. मदरबोर्ड हे यंत्राचे काम करणारे अंग आहे. आपले लेखन राहते ते हार्ड डिस्कवर. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला, किंवा बाजारात मिळणाऱ्या यूएसबी जोडणीच्या डबीत लावली तर लेखन बहुधा जसेच्या तसे मिळते. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे. तिच्या आतील तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. बिघडलेल्या अवस्थेत पुनःपुन्हा सुरू करणे म्हणजे उरलेलेही खरवडून टाकणे होय.

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यात वीज कडाडू लागली की संगणकाची व इंटरनेटची वायर काढून ठेवावी. गेलेली वीज परत येताना दाब एकदम चढतो, यासाठी पुरवठा स्थिर होईपर्यंत थांबावे. तीन टोकांच्या प्लगचे तिसरे टोक, म्हणजे अर्थिंग, खरोखर जमिनीशी जोडलेले आहे की नाही, हे घरच्या वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. बंद ठेवलेले यंत्र महिन्यातून एकदा तासभर चालवावे. ज्या जुन्या कार्यप्रणालींना सुरक्षेची मदत मिळणे थांबले आहे, त्यांची यंत्रे इंटरनेटला न जोडता केवळ लेखनवाचनास वापरावीत. आणि ज्या लेखनाला तुम्ही मौल्यवान समजता, त्याची आजच, यंत्र चालू असतानाच, दुसरी प्रत करावी.

आमच्या वहीत त्या दिवशीच्या तीन नोंदी आहेत : रॅमचे दात मळले होते, सेल संपला होता, डिस्कचा क्रम बदलला होता. खर्च झाला तो एका सेलचा. “मदरबोर्ड गेला” हा निकाल एका वाक्यात देता आला होता. तो खोटा ठरविण्यास आम्हाला एक दुपार लागली. त्या दुपारच्या बदल्यात आजोबांचे शब्द परत मिळाले. तुमच्याही घरी एखादा धूळ खात पडलेला संगणक असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी तो कोणत्या पायरीवर थांबला आहे, एवढे त्याला एकदा अवश्य विचारा.